परदेशात स्पॉन्सर केलेल्या मुलीला भेटायला जायचंय : काय न्यावं, कसं वागावं?

रानजाई | ९ फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी. मी कॅनडात मिसिसागाला राहते, नर्स आहे. २०१७ पासून केनियातल्या किटुई भागातल्या एका मुलीसाठी आम्ही एका संस्थेमार्फत दरमहा पैसे पाठवतो. किटुईच का, तर माझ्या वॉर्डातली एक सहकारी तिथली. तिथल्या कोरड्या नद्या, पात्रातली वाळू उकरून पाणी भरणाऱ्या बायका, हे सगळं तिच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की यादीत ते नाव दिसल्यावर पान पुढे उलटवेना.

मुलीचं नाव इथे देत नाही. संस्थेचा तसा नियम आहे आणि तो मला पटतो. धाग्यापुरतं तिला छोटी म्हणते. आता ती बारा वर्षांची आहे, सातवीत शिकते. पहिल्या पत्रात तिने कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवला होता, बाकी सगळं संस्थेच्या माणसाने लिहिलेलं. मग एक ओळ तिची, मग चार ओळी. गेल्या वर्षापासून ती स्वतः इंग्रजीत लिहिते. वर्षाला तीन-चार पत्रं येतात आणि वर्षातून एक फोटो. सगळे मी जपून ठेवलेत.

ऑगस्टमध्ये भेटायला जायचं ठरतंय. नवरा, मी आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा. आणि आता मनात प्रश्नच प्रश्न आहेत. न्यायचं काय? एकदा इथून बाहुली पाठवली होती, टपालखर्च बाहुलीपेक्षा जास्त झाला आणि ती पोचल्याचं पाच महिन्यांनी कळलं. घरच्यांसाठी काय घ्यावं? मुलाला न्यावं का? आपण गेल्याने तिला ओशाळं तर वाटणार नाही ना? ज्यांनी असा प्रवास केलाय किंवा जे तिकडे राहतात त्यांनी जरूर लिहा.

---

सह्यकडा | ९ फेब्रुवारी

ताई, तुमच्या हेतूबद्दल मनात काही नाही. पण प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. मी दर पावसाळ्यात मेळघाटात जातो. तिथल्या आश्रमशाळांतल्या मुलींना अंथरायला पुरेशी चटई नसते. आपल्याकडे सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना आहे, गावोगावच्या शाळा पालक शोधत असतात. एवढ्या लांब केनियात का?

---

रानजाई | १० फेब्रुवारी

दादा, प्रश्न योग्य आहे. माझ्या माहेरच्या शाळेतल्या दोन मुलींचा खर्च आई-बाबा बघतात, त्यात माझाही वाटा असतो. त्यामुळे इकडचं सोडून तिकडे असं नाही. पण मी राहते कॅनडात, रोज काम करते केनियाच्या, फिलिपीन्सच्या, जमैकाच्या बायकांबरोबर. माझ्या बाळंतपणात जिने रात्रपाळी करून मला डबा आणून दिला ती किटुईची. माझ्यासाठी ते लांबचं गाव उरलेलं नाही.

---

अक्षांश | १० फेब्रुवारी

सह्यकडा, या पैशाचा ओघ अनेक वर्षं आपल्याकडेही येत होता. जर्मनीतली किंडरनोटहिल्फे ही संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली तीच भारतातल्या मुलांच्या मदतीसाठी. कम्पॅशन इंटरनॅशनल या अमेरिकी संस्थेने मार्च २०१७ मध्ये भारतातलं काम बंद केलं, परदेशी निधीच्या नियमांमुळे. तेव्हा त्यांच्या यादीत भारतातली दीड लाखाच्या आसपास मुलं होती. मूळ कल्पना तर युद्धातून आलेली. स्पेनच्या यादवी युद्धातल्या मुलांसाठी १९३७ मध्ये आजच्या प्लॅन इंटरनॅशनलची सुरुवात झाली, आणि वर्ल्ड व्हिजनने १९५३ मध्ये कोरियातल्या अनाथ मुलांपासून अशी योजना सुरू केली.

रानजाई, जाण्याआधी एक गोष्ट संस्थेला स्पष्ट विचारून घ्या. तुमचे दरमहाचे पैसे त्या मुलीच्या फी-गणवेशावर खर्च होतात, की सगळ्यांचे एकत्र करून त्या भागातल्या पाणी, शाळा, आरोग्यावर? बऱ्याच मोठ्या संस्था दुसऱ्या पद्धतीने चालतात. ते वाईट मुळीच नाही, पण तिथे पोचल्यावर "आम्ही पाठवलेल्या पैशातून हिला काय मिळालं" असं शोधत बसलात तर घरच्यांची पंचाईत होईल.

उपयोग होतो का, यावर एक चांगला अभ्यास आहे. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला. कम्पॅशनच्या योजनेतली मुलं मोठी झाल्यावर त्यांचं काय झालं हे त्यांनी ६ देशांत १०,१४४ जणांची माहिती घेऊन तपासलं. त्यात भारत आणि केनिया दोन्ही होते. लहानपणी स्पॉन्सर मिळालेल्यांचं शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने वाढलं होतं, आणि माध्यमिक शाळा पुरी करणारे शंभरामागे १२ ते १८ जण जास्त होते. हे आकडे छोटे वाटतील, पण शिक्षणाच्या योजनांत एवढा फरक क्वचित दिसतो. अर्थात हे एका संस्थेच्या एका पद्धतीबद्दल आहे, सगळ्यांना सरसकट लावता येणार नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९८ मध्ये शिकागो ट्रिब्यून या अमेरिकी वृत्तपत्राने एक लेखमाला छापली. त्यांच्या वार्ताहरांनी आधी स्वतः १२ मुलांचं पालकत्व घेतलं आणि नंतर त्या मुलांना शोधत गावोगाव गेले. मालीतली एक मुलगी केव्हाच वारली होती, तरी तिच्या नावाने पैसे घेणं चालूच होतं. म्हणून मला वाटतं, ज्यांना जमेल त्यांनी एकदा तरी जावं.

---

कोजागरी | ११ फेब्रुवारी

रानजाई, करीबू! म्हणजे स्वाहिलीत या, स्वागत आहे. मी नैरोबीत अकरा वर्षं आहे, किटुईला दोन-तीनदा जाऊन आले आहे. सुचेल तसं लिहिते.

सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून आणू नका. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि ती गंभीरपणे पाळली जाते. कापडी पिशव्या आणा, भेटवस्तू त्यातच द्या. पिशवीही त्यांना उपयोगी पडते. व्हिसाऐवजी जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास परवाना घ्यावा लागतो, तो आधीच काढा. किटुईत मलेरिया आहे, गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला मी काय सांगणार.

पार्सल अजिबात पाठवू नका. इथे घरोघर टपाल येत नाही, टपालपेट्यांचे क्रमांक असतात. पार्सल संस्थेच्या कार्यालयात येतं, कधी जकातीत अडकतं, ते सोडवायला संस्थेचा माणूस अर्धा दिवस घालवतो. वह्या, पेनं, कंपास, दप्तर, बूट सगळं किटुई गावात मिळतं. तिथल्या दुकानातून घ्या. दुकानाला इथे 'दुका' म्हणतात, पैशाला 'पेसा'. आपलेच शब्द, समुद्र ओलांडून आलेले.

ऑगस्टमध्ये शाळांना साधारण तीन आठवडे सुट्टी असते, ती भेटीला बरी. शाळा चालू असताना गेलात तर सगळी शाळा तुमच्यासाठी वर्ग सोडून रांगेत उभी करतील, गाणी म्हणायला लावतील. ते टाळता आलं तर टाळा.

बारा वर्षांची मुलगी आहे म्हणून एक सुचवते. इथे २०१७ मध्ये शाळकरी मुलींना सॅनिटरी पॅड मोफत देण्याचा कायदा झाला, पण पुरवठा सगळीकडे वेळेवर होतो असं नाही. धुऊन वापरता येणाऱ्या पॅडचा संच संस्थेतल्या बाईंमार्फत देता येईल, फक्त आधी विचारा. आणि तिच्या एकटीसाठी नको, तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींसाठी द्या.

---

मायेची_ऊब | १३ फेब्रुवारी

मी हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं. रानजाईचा प्रश्न वाचून लिहायला बसले.

आम्ही सिंगापूरला असताना फिलिपीन्समधल्या लेते बेटावरच्या एका मुलाला स्पॉन्सर केलं होतं. ८ नोव्हेंबर २०१३ ला तिथे योलांडा वादळ आलं. सहा आठवडे काही बातमी नव्हती. तो सुखरूप असल्याचं कळलं त्या रात्री मी देवापाशी दिवा लावून कितीतरी वेळ बसले होते. पुढे २०१५ मध्ये आम्ही भेटायला गेलो. आनंदाच्या भरात त्याच्यासाठी टॅबलेट नेला. संस्थेने महागडी वस्तू देऊ नका असं लिहिलेलं होतं, पण मला वाटलं, मूल हुशार आहे, अभ्यासाला होईल. निघताना गुपचूप त्याच्या दप्तरात ठेवला.

त्यानंतर त्याची पत्रं थांबली. चार महिने, सहा महिने. शेवटी मी संस्थेला विचारलं तेव्हा तिथल्या ताईंनी जाऊन चौकशी केली. वडिलांची होडी दुरुस्त करायची होती, त्यांनी टॅबलेट गहाण टाकला होता. वडिलांनी योग्यच केलं, होडीवर घर चालत होतं. पण त्या मुलाला वाटलं मी रागावेन, म्हणून तो लिहीतच नव्हता. अकरा वर्षांचं लेकरू सहा महिने ते ओझं घेऊन फिरत होतं. मी लगेच पत्र पाठवलं, होडीचं चित्र काढून पाठव म्हटलं. चित्र आलं, पण पहिल्यासारखं मोकळेपण यायला वर्ष गेलं.

मी त्याच्यापुरता विचार केला होता, घराचा केला नव्हता. तिकडे 'पासालुबोंग' म्हणून रीत आहे. बाहेरगावाहून येणारा माणूस घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी काही ना काही घेऊन येतो. आपला खाऊच की! आपल्याकडे कुणी पाहुणा एकाच पोराला खेळणं देतो का? सगळ्यांच्या हातावर काहीतरी ठेवतो. हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं आणि परदेशी पोराच्या दारात गेल्यावर आपण ते विसरतो.

---

गोदाकाठ | १८ फेब्रुवारी

आठवडाभर हा धागा वाचतोय. मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो.

माझं गाव मराठवाड्यातलं. वडील लवकर गेले. मी १९८१ मध्ये मिशनच्या बोर्डिंगमध्ये दाखल झालो आणि दहावीपर्यंत तिथेच राहिलो. माझा खर्च जर्मनीतली एक बाई करायची. वर्षातून एकदा फोटो काढायला माणूस यायचा. त्या दिवशी चांगला सदरा असलेल्या पोराचा सदरा आळीपाळीने सगळे घालायचे. माझ्या तीन वर्षांच्या फोटोंत एकच निळा सदरा आहे आणि तो माझा नाही.

तिचं पत्र नाताळाच्या सुमारास यायचं. पत्रात बर्फाचं चित्र असायचं. मास्तर वाचून दाखवायचे. वस्तूही यायच्या, कधी रंगपेटी, कधी लोकरी टोपी. खरं सांगू? वस्तू आली की पोटात गोळा यायचा. ज्यांच्या बाईंकडून काही यायचं नाही ती पोरं बाजूला होऊन बघत राहायची. रंगपेटी मी चार दिवस उघडली नाही. मग मास्तरांनी ती वर्गाच्या कपाटात ठेवली, सगळ्यांना वापरायला मिळाली, आणि मी सुटलो. पत्र मात्र माझं एकट्याचं होतं. त्याचा कुणाला त्रास नव्हता. पत्रात तिने एकदा विचारलं, तुमच्या गावातली नदी कोणत्या दिशेला वाहते? मला तोवर असा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. सुट्टीत घरी गेल्यावर मी गोदावरीच्या काठावर उभं राहून दिशा बघून आलो. आज भूगोल शिकवतो.

१९८६ ला ती स्वतः आली. साठीची असेल. बोर्डिंगमध्ये आठ दिवस स्वागतगीताची तयारी चालली होती. ते सगळं झाल्यावर ती म्हणाली, याचं घर बघायचंय. माझ्या अंगाला घाम फुटला. आईने शेजारून कपबशा आणल्या, कोंबडी उसनवारीवर घेतली. ती बाई आली आणि खुर्ची बाजूला सारून चुलीपाशी बसली. आई म्हणाली, "बाई, भुईवर नका बसू, लुगडं मळंल." ती लुगडं नेसलेली नव्हती हे आईच्या लक्षातच आलं नाही. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तिने भाकरी मागून खाल्ली, कोंबडीला फार हात लावला नाही, ती आम्हा पोरांच्या पुढे सरकवली.

आणि जाताना तिने आईला एक वही दिली. त्यात माझे पाच वर्षांचे पाच फोटो डकवलेले होते. रानजाई ताई, हे तुमच्यासाठी लिहितोय. फोटो दरवर्षी निघायचे, पण ते जायचे जर्मनीला. माझ्या आईकडे माझा एकही फोटो नव्हता. ती वही ट्रंकेत गोधडीखाली असायची. आई गेल्यावर ती माझ्याकडे आली. माझ्या लहानपणाचे फोटो एवढेच आहेत.

तुमच्याकडे छोटीचे सात वर्षांचे फोटो आहेत. ते छापून आईला द्या.

---

रानजाई | १८ फेब्रुवारी

गोदाकाठ दादा, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. मुलाने विचारलं, मग छोटीकडे तिचे फोटो नाहीत? मला उत्तर देता आलं नाही. मी कधी विचारच केला नव्हता.

फोटो आजच छापायला टाकते.

---

सह्यकडा | १९ फेब्रुवारी

गोदाकाठ सर, नमस्कार. माझा वरचा प्रश्न मागे घेत नाही, पण केनियातल्या त्या मुलीच्या जागी आता मला तुम्ही दिसता. रानजाई, भेटीनंतर इथे नक्की लिहा.

---

अक्षांश | १९ फेब्रुवारी

घरासाठी काही करायचं असेल तर बहुतेक संस्थांमध्ये कुटुंबासाठी वेगळी रक्कम देण्याची सोय असते. नेहमीच्या वर्गणीपलीकडे दिलेली ती रक्कम, कमाल मर्यादा ठरलेली असते. संस्थेचा माणूस घरच्यांबरोबर बसून काय घ्यायचं ते ठरवतो आणि पावती-फोटो तुम्हाला पाठवतो. भेटीच्या बऱ्याच आधी द्या, म्हणजे ते देणं आणि तुमचं येणं एकमेकांत मिसळणार नाही.

---

रानजाई | ४ एप्रिल

थोडी प्रगती. संस्थेने भेटीचा अर्ज चार महिने आधी घेतला. आम्हा दोघांचा पोलीस दाखला मागितला, बालसंरक्षणाच्या नियमांवर सह्या घेतल्या. मुलीबरोबर एकटं राहायचं नाही, पत्ता-फोन द्यायचा-घ्यायचा नाही, गावाचं नाव कळेल असे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. वाचताना क्षणभर परकं वाटलं. मग वाटलं, माझ्या मुलाला भेटायला कुणी अनोळखी माणसं येणार असती तर मी याहून कडक नियम लावले असते.

कुटुंबासाठीची रक्कम पाठवली. मला वाटलं होतं शेळ्या घेतील. छोटीच्या आईने पत्र्याच्या छपराला पन्हळ आणि पावसाचं पाणी साठवायला टाकी मागितली.

---

कोजागरी | ५ एप्रिल

हुशार बाई आहे. किटुईत वर्षातून दोनदा पाऊस, त्यातला ऑक्टोबर ते डिसेंबरचा जास्त भरवशाचा. टाकी असली की मुलीच्या डोक्यावरचा पिवळा डबा उतरतो. वीस लिटरचा तो डबा तुम्हाला तिथे प्रत्येक घरात दिसेल. वाटेत नदीच्या पात्रात काँक्रीटच्या बुटक्या भिंती दिसल्या तर गाडी थांबवून बघा. वाळूचे बंधारे आहेत ते. भिंतीमागे वाळू साचते, वाळूत पाणी टिकून राहतं, उन्हाने उडत नाही. या कोरड्या प्रदेशातले लोक वर्षानुवर्षं असे बंधारे स्वतः श्रमदानाने बांधताहेत. आपले वनराई बंधारे बघितलेल्या माणसाला ते लगेच आपले वाटतील.

---

रानजाई | १ जुलै

नैरोबीच्या बातम्या बघून घाबरायला झालंय. कोजागरी, यावं का?

---

कोजागरी | १ जुलै

२५ जूनचा दिवस वाईट होता, करवाढीच्या विधेयकाविरुद्ध लोक संसदेत घुसले, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी केनियाच्या अध्यक्षांनी ते विधेयक मागे घेतलं, तरी निदर्शनं चालू आहेत. रस्त्यावर उतरलेली बहुतेक विशी-पंचविशीतली मुलं आहेत, त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. तुम्ही विमानतळावरून थेट पुढे निघा, निदर्शनांच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी-गुरुवारी, शहराच्या मध्यभागी जाऊ नका. किटुईचा रस्ता साधारण तीन-चार तासांचा. संस्था नको म्हणाली तर मात्र हट्ट करू नका. आणि पहिली रात्र आमच्याकडे. पिठलं-भात तयार असेल.

---

रानजाई | २५ ऑगस्ट

आलो आम्ही परत. भेट होऊन बारा दिवस झाले, आज लिहायला बसले.

कोजागरी आणि तिच्या घरच्यांनी आम्हाला माहेरासारखं सांभाळलं, ते इथे किती लिहू? सकाळी संस्थेची गाडी आली. बरोबर संस्थेतल्या एक ताई आणि चालक. डांबरी रस्ता संपल्यावर लाल माती, बाभळीसारखी झाडं, गाढवांवर लादलेले पिवळे डबे. वाळूचा बंधारा बघितला. एक बाई वाळूत कोपरभर खड्डा करून वाटीने पाणी भरत होती.

छोटी अंगणात उभी होती. माझ्या मनात ती अजून फोटोएवढी होती, समोर तर माझ्या खांद्याला लागणारी मुलगी. दोघींनाही काय करावं सुचेना. ती हात पुढे करून उभी राहिली, मी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. बोलायचं खूप ठरवून नेलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. शेवटी माझ्या मुलाने पिशवीतून दोरीउड्यांची दोरी काढली. किटुईच्या दुकानातून सहा घेतल्या होत्या, तिच्या भावंडांना आणि शेजारच्या पोरांना पुरतील अशा. दहा मिनिटांत अंगणात पंधरा मुलं. छोटी एका उडीत दोनदा दोरी फिरवते! माझा मुलगा पडत-उठत शिकला. नंतर तो तिच्याबरोबर पाण्याचा डबा उचलायला गेला, डबा जमिनीवरून हललासुद्धा नाही. तिने एका झटक्यात उचलला. तो गप्प झाला आणि तिच्याकडे बघत राहिला.

तिच्या आईने आमच्यासाठी चपात्या करायला घेतल्या होत्या. तिकडे चपाती रोजची नाही, सणाची, पाहुण्यांची. रोज उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, नाहीतर किटुईतल्या कांबा लोकांचं मुथोकोई, कांडून साल काढलेला मका आणि घेवडे शिजवून केलेलं. चपातीच्या कणकेला तिकडे तेल लावून, गुंडाळी करून, पुन्हा लाटतात. पदर सुटलेली जाड चपाती होते. गोदाकाठ दादा, तुमची जर्मन आजी डोळ्यांपुढे होती. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि लाटणं मागितलं. कोजागरीने आदल्या रात्री एक स्वाहिली म्हण सांगितली होती : पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी हातात कुदळ द्या. संस्थेतल्या ताईंना ती सांगितल्यावर त्यांनी कांबा भाषेत सांगितली आणि सगळ्या बायका हसल्या, आणि मला लाटणं मिळालं. मी घडीची पोळी केली, चार पदरी. छोटीच्या आईने ती उचलून उजेडात धरली, पदर मोजले. मग तिची गुंडाळी मला शिकवली. माझी पहिली फाटली, तिने ती तशीच तव्यावर टाकली आणि आधी माझ्याच मुलाला खाऊ घातली.

टाकी बघितली. अजून रिकामी आहे, ऑक्टोबरची वाट बघतेय. पन्हळ छोटीच्या मामाने बसवली आहे. मुलींसाठीचे पॅड आणि शाळेसाठीचे दोन फुटबॉल, पंपासकट, संस्थेच्या कार्यालयात देऊन टाकले होते. ते आमच्या हातून वाटले गेले नाहीत, हे बरं झालं.

निघायच्या आधी वही काढली. सात फोटो, प्रत्येकाखाली वर्ष. तीन प्रती केल्या होत्या : एक छोटीला, एक आईला, एक संस्थेला. मुलं आधी हसली. २०१९ च्या फोटोतला झगा शेजारच्या मुलीचा होता, तीही तिथेच उभी होती, तिने तो ओळखला. आई एकेक पान सावकाश उलटत होती. २०१८ च्या पानावर थांबली आणि पुढे जाईना. छोटी मधे उभी आहे, तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, आणि फोटोच्या कडेला त्या माणसाचा अर्धा चेहरा, डोक्याला बांधलेला फडका. मी तो फोटो सहा वर्षांत कितीदा बघितला होता. ती कडेची बाई मला कधी दिसली नव्हती.

ती छोटीची आजी. २०२१ मध्ये गेली. तिचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही.

आईने ताईंमार्फत विचारलं, एवढाच भाग मोठा करून मिळेल का? मी हो म्हणून आले आहे. मूळ फोटो लहान आहे, मोठा केला की फुटतो. इथे कुणाला हे काम येतं का?

---

गोदाकाठ | २५ ऑगस्ट

ताई, वाचलं. आज एवढंच लिहवतंय.

---

मायेची_ऊब | २६ ऑगस्ट

टाकी भरली की नक्की कळव गं. मीही वाट बघतेय.

---

चित्रशाळा | २६ ऑगस्ट

रानजाई ताई, मी वाचक आहे, इथे फारसं लिहीत नाही. सांगलीत वडिलांचा स्टुडिओ चालवतो, जुने फोटो दुरुस्त करणं हेच मुख्य काम. छापील फोटो स्कॅन करू नका, संस्थेकडून मूळ फाईल मागा. ते आपल्याकडे पाठवताना फोटो बारीक करतात, मूळ फाईल बहुधा मोठी असते. मुलीचा चेहरा कापून फक्त आजींचा भाग मला पाठवा, म्हणजे तुमचा नियम मोडणार नाही.

एक आधीच सांगतो. हल्ली संगणकाकडून उरलेला अर्धा चेहरा तयार करून मिळतो, लोक तसा मागतातही. मी तो करून देणार नाही, कारण तो आजींचा चेहरा नसेल. जेवढा आहे तेवढा स्वच्छ करून देतो. हातही ठेवू. खांद्यावरच्या हाताची नखं, सुरकुत्या नीट आल्या तर घरच्यांना तो चेहऱ्याइतकाच ओळखीचा असतो.

पैसे नकोत. दोन प्रती छापून देईन, एक त्यांच्या आईसाठी, एक मुलीसाठी. तिकडे धूर असतो, चुलीजवळ लावतील, म्हणून वरून लॅमिनेशन करून देतो.